रविवार सकाळची रसिकता

रसिक कोणाला म्हणायचे, याचा आपल्याकडे एक साचा ठरून गेला आहे. बालगंधर्वांच्या पदाला नेमक्या जागी दाद देणारा रसिक, कुमार गंधर्वांची मैफल जीव लावून ऐकणारा रसिक. लावणीतली अदा ओळखणारा, पुलंचे उतारे तोंडपाठ असणारा, दिवाळी अंकांचे गठ्ठे वर्षानुवर्षे सांभाळणाराही रसिकच. या मांदियाळीत कार्टून पाहणाऱ्याला जागा नाही. तो लहान असेल तर ‘पोरगं टीव्हीपुढून हलत नाही’ अशी तक्रार होते. मोठा असेल तर ‘अजून बालपण गेलं नाही’ म्हणून त्याला हसण्यावारी नेतात. या पुस्तकाचा विषय हाच उपेक्षित माणूस आहे. १९९३ साली दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ ही चित्रमालिका हिंदीतून आली. तिच्या चित्रांवर, विनोदावर आणि गाण्यावर एका पिढीने जीव लावला. ती पिढी आता चाळिशीला टेकली, पण तो जिव्हाळा ओसरलेला नाही. माझे म्हणणे असे की ही खरीखुरी रसिकता आहे. नाट्यसंगीताच्या किंवा कवितेच्या रसिकाला आपण ज्या कसोट्या लावतो, त्या सगळ्यांना ती उतरते. आणि तिची दखल न घेतल्यामुळे कुणाचे नुकसान झाले असेल, तर ते मराठीचे झाले आहे.

मालिकेची ओळख आधी करून देणे बरे. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने रडयार्ड किपलिंगच्या मोगलीकथांवर ५२ भागांची ही मालिका केली. दिग्दर्शक होते फुमिओ कुरोकावा. ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात ती जपानमध्ये दाखवली गेली. जगभरच्या बालसाहित्यातली नावाजलेली पुस्तके घेऊन वर्षवर्षभर चालणाऱ्या मालिका करण्यात या संस्थेचा हातखंडा होता. आठवड्याला एक भाग, सावकाश उलगडणारी गोष्ट, आणि मुलांना मृत्यू, विरह, उपासमार यांपासून लपवून न ठेवण्याचे धैर्य, ही तिची रीत. हिंदी आवृत्तीसाठी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, चाल विशाल भारद्वाज यांनी बांधली आणि शेरखान या वाघाला आवाज दिला नाना पाटेकरांनी. आता ही मालिका जाफराबादसारख्या गावी कशी पोहोचली, ते पाहण्यासारखे आहे. खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे ठिकाण जालना जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. पलीकडे लगेच बुलढाणा जिल्हा लागतो. मोठ्या नाट्यसंस्थेचा दौरा जालन्यापर्यंत आला तरी पुष्कळ, अशी इथली सांस्कृतिक भूगोलाची स्थिती. दूरदर्शनला मात्र छपरावरचा अँटेना पुरे होता. त्यामुळे दादरच्या चाळीतले मूल आणि जाफराबादच्या गल्लीतले मूल एकाच रविवारी, एकाच वेळी, तोच भाग पाहत होते. रंगभूमीने, मैफलीने किंवा ग्रंथालयाने ही बरोबरी मराठवाड्याच्या या टोकाला कधी दिली नव्हती. त्या मुलांच्या आवडीला जो बालिश म्हणतो, तो नकळत असे म्हणत असतो की ज्या एका कलेने गावशहर असा भेद केला नाही, तीच मोजण्यालायक नाही.

पहिला आक्षेप अर्थात स्मरणरंजनाचा. बालपणीचे सगळेच गोड लागते, मोगलीही त्यातलाच, असे म्हटले जाते. हा आक्षेप ऐकायला खरा वाटतो, पण त्या काळचे दूरदर्शन आठवले की तो टिकत नाही. त्याच वर्षांत त्याच पडद्यावर मुलांसाठी बरेच काही येत होते, देशी आणि परदेशीही. त्यातले कितीतरी कार्यक्रम पाहणाऱ्यांच्या मनातून पार पुसले गेले. बालपण सगळ्यांना सारखेच लाभले होते, तरी प्रेम निवडूनच केले गेले, आणि निवड हे रसिकतेचे पहिले लक्षण आहे. दुसरा पुरावा २०१६ सालचा. त्या वर्षी डिस्नेने जॉन फॅव्रो यांच्या दिग्दर्शनाखाली नवा, भव्य ‘द जंगल बुक’ काढला. डिस्नेच्या हाताशी १९६७ च्या आपल्या चित्रपटातली जगभर गाजलेली गाणी होती. तरीही भारतात हिंदी आवृत्ती आणताना त्यांनी शेरखानसाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावले, आणि गुलजार-विशाल यांचे जुने गाणे प्रचारासाठी नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतले. भालूला इरफान खान, बघिराला ओम पुरी असे तगडे आवाज त्या चित्रपटात होते. तरी शेरखानच्या बाबतीत बदल करायचे धाडस झाले नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रसंस्थेला एका जपानी मालिकेच्या हिंदी डबिंगची आठवण ठेवावी लागली, ती कुणामुळे? त्या संस्थेपर्यंत कोणी समीक्षक गेला नव्हता. पोहोचली ती तेवीस वर्षे मनात जपलेली आवड. पुढे एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली तेव्हा जुने प्रेक्षक आपल्या मुलांना शेजारी घेऊन बसले. स्मरणरंजन माणसाला एकट्याला भूतकाळात नेते. हे प्रेम दुसऱ्याला दाखवावेसे वाटणारे होते.

चित्रांविषयी बोलताना जाणकार नाक मुरडतात. डिस्नेच्या चित्रपटात पात्रे लोण्यासारखी वाहतात, इथे ती थबकतात. कित्येकदा फक्त तोंड हलते, बाकी शरीर स्थिर. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. चित्रफितीवर एका सेकंदाला २४ चौकटी जातात. भरपूर पैसा आणि वेळ असलेल्या चित्रपटात त्यासाठी १२, प्रसंगी २४ वेगळी रेखाटने केली जातात. जपानी दूरचित्रवाणीने एक चित्र तीन चौकटींपुरते धरून ठेवण्याचा मार्ग काढला, म्हणजे सेकंदाला आठच रेखाटने. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा आणि प्रत्येक चित्र पारदर्शक तावावर हाताने रंगवायचे, तर दुसरा इलाज नव्हता. पण या काटकसरीतून एक शैली जन्मली. हालचाल कमी झाली की उभे राहण्याच्या ढंगाला, नजरेला, मागच्या झाडीला आणि प्रकाशाला वजन येते. पात्र गप्प उभे आहे आणि कॅमेरा मागच्या रंगवलेल्या जंगलावरून सावकाश सरकतो आहे, अशा क्षणी पाहणाऱ्याला विचार करायला फुरसत मिळते. आणखी एक गोष्ट चाहते मनोमन ओळखत होते: ओठांची हालचाल मोजक्याच आकारांत बसवलेली असल्यामुळे त्या पात्रांच्या तोंडी दुसरी भाषा सहज बसते. जपानी ओठांवर हिंदी परकी वाटली नाही, त्याचे श्रेय या रेखाटनपद्धतीलाही जाते. चित्राने जागा मोकळी सोडली म्हणून आवाजाला अभिनय करता आला. चित्र, विनोद आणि संगीत या तिन्हींचा चाहते एका दमात उल्लेख करतात तो सवयीने नव्हे. या मालिकेत ती तिन्ही अंगे एकमेकांवर खरोखरच उभी आहेत.

वस्तुस्थितीच्या चुका मालिकेत आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. मोगलीचा सोबती किची हा तांबडा पांडा, आणि तांबडा पांडा हिमालयाच्या थंड जंगलात राहतो. मोगलीच्या गोष्टी जिथे घडतात त्या सिवनीच्या रानात तो सापडायचा नाही. मोगली बूमरँग फेकतो, ते हत्यार आपण ऑस्ट्रेलियाच्या नावाशी जोडतो. मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या लेखनावर पोसलेल्या मराठी वाचकाला हे खटकणारच. माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीचे जे जग उभे केले, त्यात एक पानही निरीक्षणावाचून लिहिलेले नाही. पण तो वेगळा कलाप्रकार आहे. अद्भुतकथेत प्राणी बोलतात हे एकदा मान्य केले की तिची कसोटी प्राणिशास्त्र राहत नाही. त्या जगाचे कायदे त्या जगात पाळले जातात की नाही, ही कसोटी होते. मोगलीच्या जंगलात ते पाळले जातात. कोण कुणाचा ऋणी, कोणी कुठे शिकार करायची, टोळीच्या सभेत कोणाला बोलायचा अधिकार, हे सगळे ठरलेले आहे, आणि गोष्ट त्या नियमांना टेकूनच पुढे सरकते. लहान मूल नियमांच्या बाबतीत फार कडक असते. गोष्टीने आपलाच नियम मोडला तर ते लगेच पकडते. ५२ भाग त्याने विश्वासाने पाहिले, ही त्या बांधणीला मिळालेली पावती आहे.

जाफराबादच्या वाचकाला तर या कलेची एक जुनी वंशावळ अगदी जवळ सापडते. इथून भोकरदन, सिल्लोड करत अजिंठा गाठता येतो. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर जातककथा आहेत आणि त्यांतले कितीतरी नायक प्राणी आहेत: सहा सुळ्यांचा हत्ती, आपल्या कळपासाठी स्वतःच्या अंगाचा पूल करणारा वानरराज, शिकाऱ्याला वाचवणारे हरिण. तिथे चित्रकाराने एकाच भिंतीवर तेच पात्र पुन्हा पुन्हा काढले आहे. पाहणारा चालत जातो तशी गोष्ट पुढे जाते. चित्र हलत नसेल तर पाहणाऱ्याने हलावे, ही तिथली युक्ती. आणि तिथे विनोदही आहे. महिषजातकातले ते खोडकर माकड पाहावे. बलाढ्य रेड्याच्या पाठीवर बसून ते त्याला छळते आहे आणि रेडा, म्हणजे बोधिसत्त्व, सगळे सोसतो आहे. क्षमेचा उपदेश करणाऱ्या भिक्षूंनीही तो उपदेश माकडचेष्टेतूनच सांगितला. दुर्गा भागवतांनी जातकांचे खंडच्या खंड मराठीत आणले ते याच श्रद्धेने, की प्राण्यांच्या तोंडून सांगितलेले शहाणपण हे दुय्यम दर्जाचे वाङ्मय नव्हे. १९५७ साली फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईच्या कार्टून विभागातून ‘द बनियन डीअर’ हा चलच्चित्रपट निघाला तोही जातककथेवरच. तेव्हा चित्र, प्राणी, गोष्ट आणि हसू यांची सांगड या मातीला नवी नव्हती. नवा होता तो फक्त पडदा.

विनोदाकडे वळतो, कारण चाहत्यांच्या प्रेमातला हा भाग सगळ्यांत कमी समजून घेतला गेला आहे. मालिकेतला विनोद चुटक्यांचा नाही, स्वभावांचा आहे. भालू अस्वल मास्तर आहे. शिस्तीच्या गोष्टी सांगता सांगता ते मायेने विरघळते. तबाकी हा कोल्हा शेरखानच्या मागेपुढे लाळ घोटत फिरतो, उरलेसुरले तुकडे चघळतो आणि वाघाच्या जोरावर दुसऱ्यांवर गुरगुरतो. हे पात्र गावोगावच्या प्रेक्षकाला शिकवून सांगावे लागले नाही. पंचतंत्रातल्या करटक-दमनकापासून लोकनाट्यातल्या पाटलाच्या हुजऱ्यापर्यंत ही जात आपण पाहत आलो आहोत, आणि चावडीवरही पाहतो. मूल तबाकीला हसते तेव्हा सत्तेच्या आसपास काय प्रकारची माणसे गोळा होतात, ते त्याला पहिल्यांदा कळत असते. शेरखानचे काम याहून अवघड होते. तो भीतीदायक असला पाहिजे, नाहीतर गोष्टीत जीव राहत नाही. आणि तो थोडा हास्यास्पदही असला पाहिजे, नाहीतर सात वर्षांच्या मुलाला रात्री झोप लागायची नाही. नाना पाटेकरांनी ही कसरत आवाजाने केली. ‘परिंदा’ आणि ‘प्रहार’ करून आलेला हा नट मूळचा मुरुड-जंजिऱ्याचा, मराठी रंगभूमीवर ‘पुरुष’ गाजवलेला. वाक्य मध्येच तोडायचे, शब्द दाताखाली धरायचा, आवाज खाली आणून थांबायचे आणि मग एकदम उसळायचे, ही त्यांची ढब. चित्रातला वाघ सेकंदाला आठ रेखाटनांत जेमतेम मान वळवतो. नानांचा आवाज तेवढ्यात तीन वेळा भाव बदलतो. त्या वाघाचा अहंकार इतका मोठा आहे की त्याचेच ओझे त्याला झाले आहे, हे लहान मुलाला आवाजावरून समजत होते. हिंदी बोलणाऱ्या त्या वाघाच्या उच्चारात आणि लयीत मराठी रंगभूमीचा रियाज आहे. महाराष्ट्रातल्या चाहत्यांनी त्याला आपला मानले ते योग्य माणूस ओळखूनच.

आता गाणे. जंगलात एक बातमी पसरली आहे, एवढेच त्याचे कथानक. बातमी अशी की चड्डी घातलेले एक फूल उमलले आहे. ‘चड्डी’ हा शब्द मुलांच्या गाण्यात नको, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेल्याचे आणि आपण तो मानला नसल्याचे गुलजारांनी नंतर सांगितले आहे. तो शब्द गेला असता तर गाणे गेले असते. कारण किपलिंगच्या गोष्टीचा गाभाच तिथे आहे: सगळे प्राणी केसाळ, खवल्यांचे किंवा पिसांचे, त्यांच्यात हे एकच पिल्लू उघडे. माणूस म्हणजे ज्याला झाकून घ्यावे लागते तो प्राणी. गुलजारांनी पुढच्या कडव्यात एक पाखरू आणले आहे. त्याला आपल्या उघडेपणाची लाज वाटते आणि अंड्यातच बरा होतो असे वाटू लागते. हसत हसत म्हणावी अशी ही ओळ जन्माविषयीच काहीतरी सांगून जाते. विशाल भारद्वाज तेव्हा नवखे होते, ‘माचिस’ हा त्यांचा चित्रपट अजून तीन वर्षे दूर होता. त्यांनी चाल अशी बांधली की एकदा ऐकून कुठल्याही मुलाला म्हणता यावी, आणि गायला मूलच घेतले. मोठ्या माणसाने बोबडे बोलून मुलांना रिझवण्याची वाईट खोड या गाण्यात नाही. याच जातीचे एक उदाहरण मराठी माणसाच्या खात्यावर आधीच जमा होते. १९७४ साली भीमसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चलच्चित्रपट केला, त्याचे संगीत वसंत देसाईंचे आणि त्यातला बालस्वर साधना सरगम यांचा. ‘अमर भूपाळी’चा संगीतकार काही मिनिटांच्या कार्टूनला चाल देताना हात आखडता घेत नाही, म्हणूनच तो चित्रपट आज पन्नास वर्षांनीही लोकांच्या ओठांवर आहे. ‘देवबाप्पा’साठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेले मोराचे गाणे आशा भोसले यांनी १९५३ साली गायले. तिथेही हेच घडले. मुलांसाठीचे काम सर्वोत्तम हातांनी केले की ते टिकते. चाहत्यांचे कान हा नियम कुणी न शिकवता जाणतात.

यावर कोणी म्हणेल की गोष्ट इंग्रजाची, चित्रे जपान्यांची, भाषा हिंदी. यात आपले काय? किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला, तो जे. जे. कलाशाळेच्या आवारात. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत. त्यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे प्रचंड काम चालवले. लॉकवुड यांनी पुढे भारतातल्या प्राण्यांवर आणि माणसाशी असलेल्या त्यांच्या नात्यावर पुस्तक लिहिले, मुलाच्या ‘जंगल बुक’साठी चित्रेही काढली. त्याच जे. जे.च्या आवारात दादासाहेब फाळके शिकले, ज्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ हा चलच्चित्राचा प्रयोग केला, आणि तिथल्याच उपयोजित कला संस्थेत नाना पाटेकर शिकले. मोगलीची नदी वैनगंगा. ती सिवनीहून निघून भंडारा, गडचिरोलीच्या शिवारातून वाहते. त्या रानाचा पेंच व्याघ्र प्रकल्प नागपूर जिल्ह्यात उतरतो. ‘जंगल बुक’च्या दुसऱ्या भागातल्या एका कथेत दुष्काळ पडतो. नदीचे पाणी इतके खाली जाते की पात्रातला एक खडक उघडा पडतो. तो दिसला की पाण्यावर शिकार बंद. वाघ आणि हरिण एकाच काठावर पाणी पितात. २०१२-१३ चा दुष्काळ सोसलेल्या जालना जिल्ह्यातल्या माणसाला नदीच्या पात्रातला खडक उघडा पडणे म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला नको. आणि गंमत अशी की ज्या सिवनीवर किपलिंगने हे लिहिले, ती त्याने पाहिलेली नव्हती. दुसऱ्यांची पुस्तके वाचून, अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून त्याने ते जंगल रचले. मूळ गोष्टच अशी दुरून कल्पिलेली असेल, तर जपानी चित्रकाराने ती कल्पिली यात परकेपणा कसला? पंचतंत्र ‘कलीला व दिमना’ होऊन अरबस्तानात गेले, तिथून युरोपात गेले. ज्याने जीव लावला त्याचे ते झाले. गोष्टींवर मालकी अशीच सिद्ध होते.

किपलिंगच्या साम्राज्यवादाचा आक्षेप मात्र वजनदार आहे, तो झटकून टाकू नये. गोऱ्या माणसाच्या कर्तव्याचे गोडवे त्याने गायले. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीला त्याने पैसे दिले. मोगलीवरच्या त्याच्या पहिल्या कथेत मोठा झालेला मोगली इंग्रजांच्या वनखात्यात नोकरी धरतो, आणि बेशिस्त, बडबड्या वानरांच्या वर्णनात त्याचा भारतीयांविषयीचा तुच्छभाव डोकावतो असे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. हे सगळे खरे धरूनच मालिकेकडे पाहावे. वनखात्यातल्या नोकरीची कथा मालिकेने उचलली नाही. मालिकेचा भर कुटुंबावर आहे: लांडग्याच्या पोटी न जन्मलेले मूल लांडग्यांनी वाढवले, त्याला भाऊ मिळाले, मास्तर मिळाला, शत्रू मिळाला. जपानी कलावंतांनी कथेतला माज काढला आणि माया ठेवली. गुलजारांनी त्यात माणसाच्या उघडेपणाचे हसू मिसळले. भारतातल्या लाखो मुलांनी मोगलीला आपला मानले तेव्हा त्यांनी साम्राज्याचा नायक स्वीकारला नव्हता. साम्राज्याच्या हातून आपला पोर परत घेतला होता. हे पुनर्लेखन कुठल्याही परिसंवादात झाले नाही, घरोघरी झाले, म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही.

एका आक्षेपापुढे मी मान तुकवतो: हे सगळे हिंदीत घडले. मराठी मुलांनी जंगल हिंदीतून ऐकले, वाघाचे दरडावणे हिंदीतून ऐकले, आणि त्यांच्या बालपणाचे सर्वांत आवडते गाणे हिंदीच राहिले. हिंदीचा यात दोष नाही. तिने आपले पहिल्या प्रतीचे लोक या कामाला लावले. मराठीने लावले नाहीत. १९३४ साली प्रभातने ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढून पाहिला होता. पण त्या वाटेवर पुढे सलग कुणी चालले नाही. आज मराठीतून डब झालेल्या चित्रमालिका मुलांना मिळतात. त्या पाहताना जाणवते की शब्दाला शब्द ठेवला आहे, बोलणे कुठल्याच गावचे नाही. अस्वल आणि कोल्हा एकाच प्रमाण सुरात बोलतात. गाण्याच्या वेळी तर शब्द चालीखाली चिरडून जातात. ज्या भाषेत कोकणी हेल आहे, वऱ्हाडी ठसका आहे, मराठवाड्याची ऐसपैस बोली आहे, तिला जंगलभर प्राण्यांना वेगवेगळे बोलायला लावणे अवघड नाही. तबाकी अहिराणीत कसा बोलेल, भालू मास्तर जाफराबादी बोलीत पोरांना कसा दटावेल, याची कल्पना केली तरी शक्यता दिसू लागते. अडते ते एका समजुतीपाशी: मुलांचे आहे, चालून जाईल. ती समजूत मोडण्याइतका पुरावा मोगलीच्या चाहत्यांनी आपल्या हाती दिला आहे. मुलांचे चालून जात नाही. चांगले केले तर ते त्यांच्यासोबत चाळिशीपर्यंत येते, वाईट केले तर पुढच्या रविवारपर्यंतही टिकत नाही.

चाहत्यांचे कौतुक आंधळे असते, दोष त्यांना दिसत नाहीत, असेही म्हणतात. माझे मत उलट आहे. मोगलीच्या चाहत्याला विचारा, तो सांगेल की कोणता प्रसंग रेंगाळला, कुठल्या भागात चित्रे उरकलेली वाटली, शेरखान पडद्यावर नसला की गोष्ट कशी सैल पडते. तो हे पारिभाषिक शब्दांत सांगणार नाही, एवढेच. गाण्याच्या बैठकीत मागे बसून मान डोलावणाऱ्या म्हाताऱ्याकडेही राग-लक्षणांची परिभाषा नसते, पण सूर उतरला की त्याची मान थांबते, आणि आपण त्याला जाणकार म्हणतो. तोच न्याय इथे लावावा. पुढच्या प्रकरणांत चित्र, विनोद आणि संगीत यांवर जे लिहिले आहे ते या न्यायाने वाचावे: आठवणींची वही म्हणून नव्हे, पारखलेल्या आवडीची नोंद म्हणून.

शेवटी दोघांना विनंती. मराठीत चित्रमालिका आणणाऱ्यांनी शीर्षकगीतासाठी आपल्या भाषेतल्या उत्तम कवीकडे आणि संगीतकाराकडे जावे, आवाजासाठी रंगभूमीवरचे कसलेले नट बोलवावेत, बोलीभाषा येणाऱ्यांना संवाद लिहायला बसवावे. आणि ज्यांच्या घरी, मग ते घर पुण्यात असो की जाफराबादेत, आज सात-आठ वर्षांचे मूल कार्टून पाहत बसले आहे, त्यांनी टीव्ही बंद करण्याआधी त्याच्या शेजारी बसून एक अख्खा भाग पाहावा. कोणता आवाज आवडला, हसू कुठे आले, गाणे कसे वाटले, हे त्याला विचारावे आणि तो सांगेल ते मन लावून ऐकावे.